समुद्रावरच्या विजा मोजल्या कुणी?

मे संपत आला की कोकणात रात्री किनाऱ्यावरून पश्चिमेला लांबवर चमकताना दिसतं. आवाज नाही, नुसता उजेड. या विजा कुणी मोजल्या असतील का?

प्रयत्न जुना आहे. १९२५ साली ब्रूक्स या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने ठिकठिकाणच्या नोंदींवरून गणित मांडलं की पृथ्वीवर दर सेकंदाला साधारण १०० विजा चमकतात. पुढे कित्येक दशकं हाच आकडा सगळीकडे चालला. आता गंमत बघा. नोंद कशाची, तर अमक्या दिवशी गडगडाट ऐकू आला की नाही, एवढीच! गडगडाट ऐकू येणार फार तर १५-२० किलोमीटरवरून. ऐकणारा माणूस जमिनीवर, आणि पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याखाली. जहाजावरचे लोक लिहून ठेवायचे, पण जहाज जाईल तिथलंच. बाकी समुद्र म्हणजे अंदाजपंचे.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांच्या फोटोंत विजा सापडू लागल्या, पण मध्यरात्रीच्या. दिवसा उन्हात पांढऱ्याफेक ढगावर वीज दिसणार कशी? त्यावर तोड निघाली. विजेने तापलेल्या हवेतला ऑक्सिजन ७७७ नॅनोमीटरच्या आसपास झळकतो. तेवढाच प्रकाश आत घेणारा फिल्टर लावायचा, सेकंदाला ५०० चित्रं काढायची आणि मागच्या चित्रात नसलेला उजेड तेवढा टिपायचा. नासाच्या ह्यू ख्रिश्चन यांच्या गटाने असं उपकरण एप्रिल १९९५ मध्ये वर पाठवलं, त्याचं सुधारित भावंड नोव्हेंबर १९९७ मध्ये.

पहिल्या उपकरणाच्या पाच वर्षांच्या नोंदींचा निकाल २००३ साली छापून आला. सेकंदाला १०० नव्हे, ४४ च्या आसपास. आणि जमिनीवर दहा, तेव्हा समुद्रावर जेमतेम एक. पाऊस तिथेही धो धो पडतो, पण पाणी जमिनीसारखं झटकन तापत नाही. हवा जोरात वर चढत नाही, ढगात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर तितक्या आपटत नाहीत, म्हणून विद्युतभार साठत नाही.

पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे, होडीतल्या माणसाला एक पुरते. आणि हे उपग्रह एका जागेवरून काही मिनिटांतच पुढे निघून जायचे. हिशोब झाला, इशारा नाही. इशाऱ्यासाठी एकाच भागावर सतत नजर ठेवणारा उपग्रह लागतो. अमेरिका आणि चीनने विजा टिपणारे असे उपग्रह २०१६ मध्ये सोडले, युरोपने २०२२ मध्ये. आपला इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला. त्याला ढग उत्तम दिसतात, पण वीज टिपणारं उपकरण त्याच्यावर नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप चांगलं आहे, जरूर ठेवा. पण ते जमिनीवरच्या सेन्सरांवर चालतं, आणि किनारा सुटला की थोड्या वेळात मोबाईलची रेंजही सुटते. तिथे तांडेल अजून पश्चिमेकडे बघूनच ठरवतो, जाळं ओढायचं की थांबायचं.