प्रकार-टिपा, पायथनमधील : जुन्या आवृत्त्यांतील त्रुटी

नव्या पद्धतीच्या प्रकार-टिपा (टाइप अ‍ॅनोटेशन) असलेली आज्ञावली पायथनच्या जुन्या आवृत्तीवर चालवताना येणाऱ्या त्रुटी व त्यांची दुरुस्ती.

टायपिंग हे मॉड्यूल पायथन ३.५ (२०१५) मध्ये आले. ‘लिस्ट[इंट]’ ही थेट लेखनपद्धती ३.९ (२०२०) पासून, तर ‘इंट | नन’ ही ३.१० (२०२१) पासून चालते. फलनाच्या टिपा त्याच्या व्याख्येच्या वेळीच मोजल्या जात, त्यामुळे ३.८ वर ‘लिस्ट[इंट]’ दिसताच, फलन वापरण्यापूर्वीच, ‘टाइपएरर’ येऊन आयात थांबते (पहा : अपवाद हाताळणी).

सर्वांत कमी फेरफाराचा उपाय म्हणजे फाइलीच्या आरंभी फ्यूचर मॉड्यूलमधून ‘अ‍ॅनोटेशन्स’ आयात करणे. ही सोय ३.७ पासून असून तिच्यामुळे टिपा न मोजता मजकूररूपात साठवल्या जातात. मात्र प्रकारांची टोपणनावे ही टिपा नसून साधी विधाने असल्याने त्यांना ती लागू पडत नाही. पायडँटिकसारखी ग्रंथालये टिपा चालत्या वेळी मोजतात, तेथेही त्रुटी उरू शकते. अशा ठिकाणी टायपिंगमधील ‘लिस्ट’, ‘ऑप्शनल’ व ‘युनियन’ हे जुने पर्यायच भरवशाचे; टायपिंगमध्ये नंतर आलेली बरीच नावे ‘टायपिंग एक्स्टेन्शन्स’ या स्वतंत्र पॅकेजातून मिळतात (पहा : पायथन, प्रकारप्रणाली).

पायथन ३.१४ (२०२५) पासून टिपांचे मोजमाप गरज पडेपर्यंत पुढे ढकलले जाते.