शैक्षणिक सहल : खरी तयारी बस सुटण्यापूर्वीची

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली, की वर्गावर्गांत सहलीच्या गप्पा रंगू लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा महाराष्ट्रातील शालेय सहलींचा हंगाम. पाऊस सरलेला असतो, हवा सुखद असते आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असते. सहावी ते आठवीच्या मुलांना सहलीचे अप्रूप विशेष. आई-वडिलांविना केलेला पहिला लांबचा प्रवास अनेकांच्या बाबतीत हाच असतो. मात्र सहलीच्या नावामागे लागलेले 'शैक्षणिक' हे विशेषण कितपत सार्थ ठरते, याचा विचार क्वचितच होतो. दोन दिवसांत आठ ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, एक सामूहिक छायाचित्र आणि परतीच्या वाटेवर वॉटर पार्क, असा बेत असेल तर मुले दमून परततात, शिकून नव्हे. सहलीतून मुलांच्या हाती काय लागणार आणि सारी मुले सुखरूप घरी कशी येणार, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी बस सुटण्यापूर्वीच ठरलेल्या असतात.

आधी प्रश्न, मग ठिकाण

बहुतेक शाळांत आधी ठिकाण ठरते आणि त्यातून काय शिकवायचे, हे नंतर शोधले जाते. हा क्रम उलटा हवा. इतिहास, भूगोल आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी जूनमध्येच एकत्र बसून वर्षभराच्या पाठांवर नजर टाकावी आणि वर्गात फळ्यावर समजावता येत नाही असे काय आहे, ते शोधावे. ठिकाण त्यातून आपोआप पुढे येते. पाणी साठवण्याच्या प्राचीन पद्धती शिकवायच्या, तर मुंबईच्या शाळेला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी जवळ आहेत. तेथे शंभराहून अधिक लेण्यांसोबत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहता येतात. उल्कापाताने तयार झालेले विवर पाहायचे, तर विदर्भ-मराठवाड्यातील शाळांना लोणारइतके दुसरे ठिकाण नाही. कचऱ्याच्या जागेचे जंगल कसे होते, हे मुंबईतील माहीमच्या निसर्ग उद्यानात कळते. ही जागा एके काळी शहराचा कचरा टाकण्याची होती.

प्रत्येक सहल लांबचीच असली पाहिजे, असेही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडण्यात आली आहे. स्थानिक कारागीर व व्यावसायिकांचे काम मुलांनी जवळून पाहावे, हा त्यामागचा हेतू. शहरातील जलशुद्धीकरण केंद्र, बाजार समिती, छापखाना किंवा कुंभारवाडा येथील अर्ध्या दिवसाची भेट कमी खर्चाची असते आणि मोठ्या सहलीची रंगीत तालीमही ठरते.

ठिकाण नक्की करण्यापूर्वी साप्ताहिक सुट्टी पाहणे अगत्याचे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, तर वेरूळची लेणी मंगळवारी. सोमवार-मंगळवारची सहल असेल, तर पहिल्या दिवशी वेरूळ आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा हाच क्रम ठेवावा लागतो. एवढी साधी बाब सुटली, तर शेकडो किलोमीटरचा प्रवास बंद दरवाजापाशी संपतो.

उदाहरण जुन्नरचे

पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेला जुन्नर परिसर एकदिवसीय सहलीचे चांगले उदाहरण आहे. शिवनेरी किल्ला, लेण्याद्रीची लेणी, सातवाहनकालीन शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेला नाणेघाट आणि नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, असे सारे एकाच तालुक्यात आहे. यादी पाहून चारही ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. तो टाळणे, हीच नियोजनाची पहिली कसोटी. सकाळी शिवनेरी आणि दुपारी लेण्याद्री किंवा खोडद यांपैकी एक, एवढेच झेपते.

शिवनेरी हे शिवाजी महाराजांचे जन्मस्थान, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठाकालीन १२ किल्ल्यांमध्येही त्याची गणना आहे. पण ही माहिती पुस्तकातही मिळते. गडावर नेऊन मुलांपुढे वेगळे प्रश्न ठेवता येतात. वाटेवरचे सात दरवाजे सरळ रेषेत का नाहीत? एवढ्या उंचीवर गंगा-जमुना टाक्यांत पाणी कसे टिकते? अंबरखाना धान्यासाठी होता, तर त्याची जागा तेथेच का निवडली असेल? डोंगराच्या कड्यांत कोरलेली बौद्ध लेणी आणि त्यांवरचा किल्ला, यांत आधीचे कोणते? या प्रश्नांची उत्तरे मुलांनी चालून, मोजून, पाहून शोधायची असतात. अशा वेळी मार्गदर्शकाचे लांबलचक भाषण उपयोगी पडत नाही. उलट, मुले दगडावर बसून चुळबुळ करू लागतात.

खोडदची सहल विज्ञानाची. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. म्हणूनच परिसरात मोबाईल बंद ठेवावे लागतात. 'फोन बंद करा' हा नियम मुलांना एरवी जाचक वाटतो. येथे त्याचे कारण समजले, की तो नियमच विज्ञानाचा धडा होतो. मात्र ही संशोधन संस्था असल्याने भेटीचा दिवस आधी ठरवून, पूर्वपरवानगी घेऊनच जावे लागते.

शिक्षकांची आधीची फेरी

सहलीपूर्वी किमान दोन शिक्षकांनी त्याच मार्गाने, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळी जाऊन येणे गरजेचे आहे. या फेरीत स्थळदर्शनापेक्षा वेगळ्याच गोष्टी पाहायच्या असतात. बस कोठे उभी राहील आणि मुले रस्ता कोठे ओलांडतील? मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, त्यात पाणी आहे का? पन्नास मुलांना पायऱ्या चढायला किती वेळ लागेल? कठडा कोठे तुटला आहे? मोबाईलला कोठे 'रेंज' मिळत नाही? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे?

स्थानिक माहितीही याच फेरीत मिळते. शिवनेरीवर मधमाश्यांनी पर्यटकांवर हल्ला केल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे मोहोळे कोठे आहेत, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे. उग्र अत्तरे, धूर आणि दगड मारण्याचा खोडसाळपणा यांबद्दल मुलांना आधीच ताकीद द्यावी. जुन्नर तालुका बिबट्यांचा वावर असलेला आहे. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी परतीला लागणे हेच शहाणपणाचे.

पाण्यापासून सावध

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची बोट उलटून १२ मुले आणि दोन शिक्षिकांचा अंत झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

वये वेगळी, गावे वेगळी. पण तिन्ही घटनांत मृत्यू आला तो पाण्यात. 'थोडा वेळ मोकळा' असा जो भाग कार्यक्रमात असतो, तो समुद्र, नदी, धरण वा तलावाकाठी कधीही ठेवू नये. समुद्रकिनारी जायचेच असेल, तर भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात आणि पाण्यात उतरायचे नाही, हा नियम शिक्षकांसह सर्वांना लागू असावा. बोटीचा प्रवास अटळ असेल, जसा घारापुरीला जाताना असतो, तर परवानाधारक बोट, तिची क्षमता आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट याची खात्री शिक्षकांनी स्वतः करावी. बोटवाल्याच्या शब्दावर विसंबू नये. जॅकेट कमी पडत असतील, तर फेरी रद्द करण्याचा अधिकार सहलप्रमुखाला असावा आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये.

सहलीतील सर्वांत साधे आणि सर्वांत परिणामकारक काम म्हणजे मोजणी. दहा मुलांमागे एक शिक्षक, प्रत्येक गटाची स्वतंत्र यादी आणि बसमध्ये चढताना, उतरताना, जेवणापूर्वी व जेवणानंतर हजेरी, ही शिस्त हवी. नुसता आकडा मोजला, की एका गटातील मूल दुसऱ्या गटात मोजले जाण्याचा संभव असतो. म्हणून नाव पुकारूनच मोजावे.

पैशाअभावी मागे राहणारी मुले

प्रत्येक वर्गात 'मला सहलीला यायचे नाही' असे सांगणारी दोन-चार मुले असतात. त्यांतील काहींना खरोखर यायचे नसते. बाकीच्यांच्या घरी पैसे नसतात. सहलीच्या दिवशी ही मुले घरी राहतात आणि नंतर आठवडाभर इतरांच्या गप्पा ऐकतात. सहल अभ्यासाचा भाग मानायची, तर ती काहींनाच मिळून चालणार नाही. म्हणून खर्चाचा विचार ठिकाण निवडतानाच व्हायला हवा.

राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींसाठी प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत देते. त्यासाठी आगाराकडे वेळेवर मागणी नोंदवावी लागते. हंगामात बसगाड्या अपुऱ्या पडतात. केंद्र संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. जूनमध्ये सहल जाहीर केली, तर पालकांना दरमहा थोडी रक्कम भरता येते. उरलेली तूट पालक-शिक्षक संघाने भरून काढावी; मात्र कोणाला मदत मिळाली, हे वर्गात कळता कामा नये.

अपंग मुलांबाबतही हाच विचार लागू होतो. रायगडावर रोपवे असल्याने चालता न येणारे मूलही गड पाहू शकते. पर्याय नसेल, तर ठिकाण बदलावे, मुलाला वगळू नये.

परतल्यानंतर

सहलीहून आल्यावर 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहायला सांगण्याची प्रथा जुनी आहे. त्यात बसमधल्या भेंड्या आणि जेवणातले पदार्थ येतात. पाहिलेले फारसे येत नाही. त्याऐवजी जाण्यापूर्वी पाच प्रश्नांचा एक कागद हाती द्यावा आणि परतल्यावर त्याच प्रश्नांवर गटागटाने बोलायला लावावे. एखाद्याने गडाचा नकाशा काढावा, दुसऱ्याने टाक्यांतील पाण्याचा अंदाजे हिशेब मांडावा. सहावीच्या मुलाने लांबी, रुंदी आणि खोली मोजून घनफळ काढले, तर गणिताचा तास गडावरच झाला म्हणायचे. शिक्षकांनीही आठवडाभरात एकत्र बसून कोठे वेळ वाया गेला, कोठे धोका वाटला, याची लेखी नोंद ठेवावी. पुढील वर्षी सहल नेणाऱ्यांना या नोंदीचा मोठा उपयोग होतो.

निघण्यापूर्वी तपासून पाहा

- शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र.
- मुलांचे आजार, औषधे, अ‍ॅलर्जी आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक असलेली यादी. एक प्रत शाळेत, एक प्रत्येक बसमध्ये.
- बसचा विमा, योग्यता प्रमाणपत्र व चालकाचा परवाना. रात्रीचा प्रवास नको.
- मुली असतील तर महिला शिक्षिका सोबत. सॅनिटरी नॅपकिन्स हाताशी.
- प्रथमोपचार पेटी, पुरेसे पिण्याचे पाणी, उलटीसाठी पिशव्या.
- रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रामागे.
- वेळ कमी पडल्यास कोणते ठिकाण वगळायचे, याचा निर्णय निघण्यापूर्वीच.