जुन्या गाडीखालून खडखड येतेय? आवाजावरून असा ओळखा बिघाड

लालबागच्या उड्डाणपुलावर सांधा आला की गाडीखालून 'खट्' असा आवाज येतो आणि पहिला संशय जातो शॉकअपवर. पण जुन्या गाडीत दर वेळी दोष शॉकअपचाच असतो असं नाही. आवाज नेमका कधी येतो, यावरून बराच अंदाज बांधता येतो.

पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना खडखड : बहुतेकदा लिंक रॉड. शॉकअपच्या मानाने हे काम स्वस्तातलं.

स्पीडब्रेकरवर कुरकुर : रबरी बुश कडक झालेत किंवा तडकलेत.

गिरगावच्या गल्लीत पार्किंग करताना, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर कटकट : शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग.

पूर्ण वळण घेताना टकटक : हे सस्पेन्शन नाही, अ‍ॅक्सलचा जॉइंट तपासा.

शॉकअप कसा ओळखाल? बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी डोलत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो बदला, उजवा-डावा जोडीनेच.

सर्वात धोकादायक बॉल जॉइंट : खड्ड्यात दणका, सैल स्टिअरिंग, टायरची एकाच बाजूने झीज ही लक्षणं. तो निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होऊ शकतं. अशी गाडी ताबडतोब जॅकवर घेऊन तपासून घ्या.

पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला सोबत घेऊन, आवाज येतो त्याच रस्त्यावर एक चक्कर मारा. काढलेला जुना पार्टही मागून घ्या.