परिचारिका-सुईण शिक्षण, अमेरिकेतील

परिचर्येचे मूलभूत शिक्षण पूर्ण केलेल्या परिचारिकेस गर्भवतीची तपासणी, प्रसूती, बाळंतीण व नवजात अर्भक यांची शुश्रूषा आणि स्त्रीरोगविषयक प्राथमिक सेवा यांसाठी दिले जाणारे उच्च शिक्षण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० पर्यंत दर हजार जन्मांमागे सहांहून अधिक माता दगावत. याचा दोष बहुधा पारंपरिक सुइणींना दिला जाई. पण रुग्णालयांतील व डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या प्रसूतीही निर्धोक नव्हत्या.

दोन्ही अपत्ये गमावलेल्या मेरी ब्रेकिनरिज (१८८१–१९६५) या परिचारिकेने मायदेशी सोय नसल्याने लंडनमध्ये सुईणपणाचे शिक्षण घेतले व १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात सेवाकार्य आरंभिले. तेथे परिचारिका घोड्यावरून घरोघर जात. त्यांतील अनेक ब्रिटनमधून आलेल्या होत्या. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांपैकी बऱ्याच जणी परतल्या आणि संस्थेस हायडन येथे स्वतःचे विद्यालय काढावे लागले. तत्पूर्वी १९३२ मध्ये न्यूयॉर्क शहरात लोबेन्स्टाइन विद्यालय सुरू झाले होते. अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी १९४१ मध्ये निघालेले विद्यालय १९४६ मध्ये बंद पडले. वर्णभेदाच्या काळात त्यांना अन्यत्र फारसा प्रवेश नसल्याने ही हानी मोठी होती.

या विद्यालयांच्या संदर्भात ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे परिचर्येची परीक्षा उत्तीर्ण झालेली स्त्री. विद्यापीठाची पदवीधर नव्हे. अभ्यासक्रम काही महिन्यांचा असे व शेवटी प्रमाणपत्र मिळे. पुढे हे शिक्षण विद्यापीठांकडे वळले. १९५५ मध्ये कोलंबिया व १९५६ मध्ये येल विद्यापीठाने ते हाती घेतले. व्यावसायिक संघटनाही १९५५ मध्येच स्थापन झाली. २०१० पासून या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांस पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली.

पदवीमुळे परिचारिका-सुईणीस औषधे लिहून देण्याचे व स्वतंत्रपणे काम करण्याचे अधिकार मागणे सुकर झाले. मात्र हे अधिकार राज्यागणिक भिन्न आहेत. दुसरीकडे, दीर्घ व खर्चिक शिक्षण ग्रामीण व गरीब स्त्रियांच्या आवाक्याबाहेर जाण्याचा धोका निर्माण झाला. यावर उपाय म्हणून केंटकीच्या विद्यालयाने १९८९ मध्ये दूरशिक्षण सुरू केले. त्यामुळे विद्यार्थिनीस आपल्या गावी राहून, तेथील स्त्रियांची सेवा करीत शिकता येऊ लागले.