अंडाशय, इन्शुलिन आणि एका व्याधीचे नामकरण

व्याधीला मिळालेले नाव संशोधकांची दृष्टी किती काळ एका जागी खिळवून ठेवू शकते, हे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या इतिहासावरून दिसून येते. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन व लेव्हेन्थल या वैद्यकद्वयाने सात स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांची पाळी बंद झालेली होती. काहींच्या अंगावर पुरुषी लव होती, काही स्थूल होत्या, आणि वाढलेल्या अंडाशयांत अनेक पुटिका होत्या. अंडाशयाचा पाचरीसारखा भाग छेदून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली. हे यश इतके ठळक होते की, व्याधीचे मूळ अंडाशयातच आहे हे जणू गृहीत धरले गेले. रोग स्त्रीरोगतज्ज्ञांचा झाला. वंध्यत्व हे त्याचे मुख्य दुःख ठरले.

वस्तुतः १९२१ मध्येच आशार व तिएर या फ्रेंच वैद्यांनी ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ वर्णिला होता. ती व्याधी हीच, असे म्हणता येणार नाही. परंतु पुरुषी लक्षणे व शर्करेचा चयापचय यांची सांगड तेथे घातलेली आहे. ते सूत्र पुन्हा हाती येण्यास १९८० उजाडावे लागले. त्या वर्षी बर्गेन, गिव्हन्स व किताब्ची यांनी असे दाखविले की, या व्याधीने ग्रस्त स्थूल स्त्रियांच्या रक्तात इतर स्थूल स्त्रियांपेक्षा इन्शुलिन अधिक असते, आणि पुरुषी संप्रेरकांच्या पातळीशी त्याचा संबंध असतो. वाढलेले इन्शुलिन अंडाशयास ही संप्रेरके निर्माण करण्यास उद्युक्त करते. शिवाय त्यांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते.

नावाचा फटका किशोरींना अधिक बसला, असे मला वाटते. ऋतुप्राप्तीनंतर काही काळ पाळी अनियमित असणे, तारुण्यपीटिका येणे, अंडाशयांत अनेक पुटिका दिसणे, हे सारे स्वाभाविक असू शकते. २००३ च्या रॉटरडॅम परिषदेने अंडाशयाचे स्वरूप हा निदानाच्या तीन निकषांपैकी एक मानला व कोणतेही दोन पुरेसे ठरविले. हे माप सोळा वर्षांच्या मुलीस लावले, तर निरोगी मुलगीही रोगी ठरू शकते. उलटपक्षी, ‘लग्नानंतर पाहू’ म्हणून परत पाठविलेल्या मुलीच्या रक्तातील साखर पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ऋतुप्राप्तीपासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वर्ज्य ठरविली. २०२३ च्या आवृत्तीने वय व वजन कितीही असले तरी मधुमेहाचा धोका ध्यानी घेऊन निदानाच्या वेळीच रक्तशर्करा तपासण्यास सांगितले. व्याधीच्या नावात मात्र तेव्हाही अंडाशयच होता.