कोंडवाडा, पांजरपोळ आणि बालगृह

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील बालकल्याण संकुलात निरीक्षणगृह आहे आणि बालगृहही. आवार एकच, पण कायद्याच्या लेखी तिथली मुले एका वर्गातली नव्हेत. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाला बाल न्याय मंडळ चौकशी संपेपर्यंत निरीक्षणगृहात ठेवते; काळजी व संरक्षणाची गरज असलेल्याला बालकल्याण समिती बालगृहात पाठवते. लोक मात्र दोन्हींना सरसकट ‘रिमांड होम’ म्हणून मोकळे होतात. त्याला कारणही आहे. १९८६च्या कायद्याखाली चौकशीच्या काळात आरोप असलेली आणि उपेक्षित अशी दोन्ही मुले निरीक्षणगृहातच राहत. २००० सालच्या कायद्याने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. बोली मागेच राहिली.

कोंडणे आणि आसरा देणे यांतला फरक भिंतीच्या उंचीवर ठरत नाही. आत आणले कोणी, बाहेर सोडण्याचा अधिकार कोणाचा आणि धोका कोणाला मानला आहे, आतल्याला की बाहेरच्याला, हे पाहावे लागते. जनावरांच्या बाबतीत हे लख्ख दिसते. पिकात शिरलेली म्हैस १८७१च्या कायद्यानुसार कोंडवाड्यात जाते. धनी दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून ती सोडवतो, नाहीतर लिलाव. पांजरपोळातही कुंपण, दावे आणि गव्हाण असतेच, पण तिथे भाकड, लंगडे जनावर मरेपर्यंत पोसले जाते. दया पवारांच्या १९७४च्या कवितासंग्रहाचे नाव ‘कोंडवाडा’ आहे, तिथे ‘पांजरपोळ’ घालून पाहा, अर्थच उलटतो.

माणसांच्या संस्थांची नावे इतकी सरळ नाहीत. २०१५च्या कायद्यातले ‘सुरक्षित स्थान’ ऐकून छळातून सुटलेल्या लेकराचा निवारा डोळ्यांपुढे येईल. प्रत्यक्षात ते मुख्यतः सोळा वर्षांवरच्या, घोर गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा त्यात दोषी ठरलेल्या मुलांसाठी आहे. हे नाव अगदीच खोटे म्हणता येत नाही: पोलीस कोठडी आणि तुरुंग यांपासून तो मुलगा तिथे खरोखर दूर राहतो. पण एकविसाव्या वर्षी शिक्षा उरली असेल आणि तो सुधारला असे न्यायालयाला वाटले नाही, तर पुढची वाट तुरुंगाचीच.

बालगृह याच्या उलट आहे. तिथे कोणावर आरोप नसतो, धोका मुलालाच असल्याचे गृहीत धरलेले असते, म्हणजे आसराच. तरी बोर्डिंगातून पोरगा घरी न्यायला बापाचा शब्द पुरतो. बालगृहातून न्यायचा तर समितीचा आदेश लागतो. आणि तिथून न सांगता गेलेल्या मुलाबद्दल कोणी ‘निघून गेला’ म्हणत नाही, ‘पळाला’ असेच म्हणतात.