अल्पशक्ती बिनतारी ध्वनिप्रेषण : जुन्नर–आंबेगाव परिसर

संवेदक, खेळणी, दूरनियंत्रक यांसाठी बनवलेल्या, जेमतेम काही मिलिवॉट शक्तीच्या रेडिओ चिपवरून आवाज अंकरूपात पाठवण्याची पद्धत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत चिप निवडताना किंमत आणि पल्ला पाहून भागत नाही. कारण जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही रेडिओ दुर्बीण आहे.

कार्यपद्धती : नॉर्डिक कंपनीची एनआरएफ२४एल०१+ ही २.४ गिगाहर्ट्‌झची स्वस्त चिप हौशी मंडळींत रुळलेली आहे. तिची प्रेषणशक्ती सुमारे १ मिलिवॉट. मायक्रोफोनच्या संकेताचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिटांचे, घेतले तर ६४,००० बिट होतात. बोलणे समजायला ते पुरतात. चिपच्या एका पॅकेटात ३२ बाइट, म्हणजे ४ मिलिसेकंदांचा आवाज मावतो. सेकंदाला २५० किलोबिट या सर्वांत कमी वेगानेही ते पॅकेट सुमारे १.३ मिलिसेकंदांत जाते. उरलेल्या वेळात पोच घेता येते, हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवता येते. पॅकेट हरवलेच तर आवाजात ‘टक्’ असा खटका येतो. संगीतासाठी मात्र एवढे नमुने तोकडे पडतात.

दुर्बिणीचा संबंध : रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी दाटीने, बाकीच्या इंग्रजी ‘वाय’सारख्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या या तबकड्यांकडून संकेत मध्यवर्ती इमारतीत येतात ते प्रकाशीय तंतूतून. नूतनीकरणानंतर दुर्बीण साधारण १२५–२५०, २५०–५००, ५५०–८५० आणि १०५०–१४५० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांत काम करते.

अडचण इथेच आहे. भारतात अल्पशक्ती उपकरणांना परवान्याविना खुला असलेला ४३३–४३४ मेगाहर्ट्‌झचा पट्टा दुर्बिणीच्या दुसऱ्या पट्ट्याच्या पोटात येतो. १० मिलिवॉटचा प्रेषक १०० किलोहर्ट्‌झ रुंदीत बोलत असेल, तर मोकळ्या वाटेने १० किलोमीटरवर त्याची तीव्रता सुमारे ८०० कोटी जान्स्की (रेडिओ खगोलशास्त्रातील तीव्रतेचे एकक) भरते. आकाशातील अतिप्रखर स्रोतांपैकी एक असलेला ‘कॅसिओपिया ए’ याच कंप्रतांना काही हजार जान्स्कींचा आहे, आणि दुर्बीण तर मिलिजान्स्कीहूनही मंद स्रोत शोधते. डोंगर अडवतात, दुर्बिणीचे तोंडही आकाशाकडे असते, हे खरे. पण एवढ्या प्रचंड फरकापुढे ती ढाल पुरेशी नाही. परवाना लागत नाही म्हणजे त्रास होत नाही, हा समज म्हणून धोक्याचा.

बिनतारी माइकचा प्रश्न याहून नाजूक आहे. नारायणगाव तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामात इथे राहुट्यांवर फडांच्या सुपाऱ्या ठरतात. व्यावसायिक बिनतारी माइक बहुधा यूएचएफ पट्ट्यात चालतात आणि त्यांतील पुष्कळ वाहिन्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्‌झच्या आत पडतात. रंगमंचावरच्या कलावंताला मोकळे फिरता यावे ही गरज खरीच आहे. तेव्हा दुर्बिणीच्या पट्ट्यांबाहेरचे २.४ गिगाहर्ट्‌झचे माइक हा कलावंत आणि दुर्बीण दोघांनाही सोयीचा मार्ग ठरतो.

रचनेतील दक्षता : २.४ गिगाहर्ट्‌झची चिप निवडली की काम संपले असे नाही. सोबतच्या मायक्रोकंट्रोलरचे घड्याळ १६ मेगाहर्ट्‌झचे असेल, तर त्याच्या विसाव्या पटीचा संकेत ३२० मेगाहर्ट्‌झवर, थेट दुर्बिणीच्या पट्ट्यात येतो. स्वस्त स्विचिंग चार्जरही असाच गोंगाट करतात. जोडणी धातूच्या डबीत बंद करावी, तारा आखूड ठेवाव्यात, वीज बॅटरीवरून घ्यावी. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात शाळकरी मुले आपापले प्रयोग मांडतात. बिनतारी प्रकल्प करणाऱ्या मुलांनी ही धातूची डबी पहिल्या दिवसापासूनच प्रकल्पात धरावी. आवाज दोन वर्गांपुरताच न्यायचा असेल, तर साधी आवरणयुक्त तार चिपपेक्षा स्वच्छ ऐकू येते.